आलेच हं

वॉर्डात तिला सगळे तुरुतुरु म्हणत. नर्स होऊन ती या हॉस्पिटलात आली तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी होती. पेशंटने ‘सिस्टर’ म्हणायचा अवकाश, दुसऱ्या टोकाहून ‘आलेच हं’ असा आवाज यायचा आणि त्याच्या पाठोपाठ ती स्वतः हजर. तसं हे सगळ्याच नर्स म्हणतात. तेवढ्या शब्दावर माणूस थोडा वेळ गप्प पडून राहतो, हे पहिल्याच वर्षी कळतं. पण इतरजणींचं ‘आलेच’ मध्ये चहा पिऊन येई. तुरुतुरुचं ‘आलेच’ म्हणजे आलेच. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा? मिरवायला तिच्याकडे दुसरं होतं काय? लग्न जमता जमता राहिलं होतं, धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब जाऊन बसला होता, आणि घरी गुडघ्यांनी जेरीस आलेली आई होती.

मग साथ आली. तो पांढरा सूट एकदा अंगावर चढवला की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही की बाथरूम नाही. आत घामाची आंघोळ, चष्म्यावर वाफ, आणि दोन-दोन हातमोज्यांतून शीर शोधताना नाकी नऊ. सगळ्याजणी सारख्याच दिसत, म्हणून पाठीवर मार्करने नावं लिहीत. हिच्या पाठीवर कुणीतरी हौसेने ‘तुरुतुरु’ लिहिलं होतं, आणि ते नाव पाठीवर घेऊन ती पाय ओढत एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जायची. खाटा वाढत गेल्या, नर्स आजारी पडत गेल्या. हाका मात्र वाढतच गेल्या.

बाहेर लोकांनी या बायकांसाठी टाळ्या वाजवल्या. तिच्या घरमालकानेही गॅलरीत उभं राहून मनापासून वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, “ताई, तेवढं मागच्या जिन्याने येत-जात जा.”

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पण जीभ शाबूत. “सिस्टर, हा सूट शिवलाय कुणी? बाहीला मापच नाही,” असं म्हणून तिला हसवायचे. एका दुपारी त्यांनी पाणी मागितलं. ती शेजारच्या खाटेवर सलाईन लावत होती. म्हणाली, “आलेच हं.” त्यांनी पुन्हा हाक मारली, ती पुन्हा म्हणाली, “आलेच.” मग हाक आली नाही. तिला वाटलं, डोळा लागला असेल. पाणी घेऊन गेली तेव्हा काका संपले होते.

पाण्याने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण माणूस पाणी मागत मागत गेला हेही खरंच होतं. तिने ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला, काकांच्या तोंडावर चादर ओढली आणि तिच्या मनात आलं, चला, एक हाक कमी झाली. हे आपल्याच मनात आलं हे तिला कळलं. रडू मात्र आलं नाही.

ती मेट्रनबाईंकडे गेली. “मला थोडे दिवस सुट्टी द्या. मी चांगली राहिले नाही.”

“म्हणजे ताप आहे का?”

“ताप नाही.”

मेट्रनबाईंनी टेबलाखालचे सुजलेले पाय पुढे केले. “हे बघ. मला कोण सुट्टी देतंय? तुझ्या जागी कुणाला उभं करू, तूच सांग.”

तिच्या जागी उभं राहायला खरोखरच कुणी नव्हतं, आणि वरच्या साहेबांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी माणसं भरली नाहीत, पण काहीच केलं नाही असं कसं म्हणावं? नर्सेसच्या मनःशांतीसाठी त्यांनी एक व्याख्यान ठेवलं. ड्यूटी संपल्यावर, हजेरी सक्तीची. पडद्यावरच्या गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, डोळे मिटा, श्वास घ्या, श्वास सोडा. दिवसभर दुसऱ्यांचे श्वास मोजून आलेल्या त्या बायका डोळे मिटल्याबरोबर बसल्या जागी झोपून गेल्या. व्याख्यान फार परिणामकारक झालं म्हणे.

घरी ती मागच्या जिन्याने यायची, अंघोळ करायची, आईला वाढायची आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर अंग टाकायची. आईला काही हवं असलं की ती स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर वाजवी. आधी आधी तुरुतुरु पहिल्या ठोक्याला उठायची.

एक दिवस रात्रपाळी करून ती सकाळी झोपली. जाग आली ती दुपारी, काहीतरी पडल्याच्या आवाजाने. आई बाथरूमच्या दाराशी पडली होती आणि पाय वेडावाकडा झाला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

“हाक का नाही मारलीस गं आई?”

“तू झोपली होतीस. नाही मारली.”

डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही आईने तेच सांगितलं. धाकट्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, “ताई, तू नर्स आहेस, घरात होतीस, आणि आई पडते म्हणजे काय?” तेव्हा आईने फोन हातात घेऊन त्यालाही ठणकावलं, “मी हाकच मारली नाही, ती काय करणार?” तुरुतुरुला तेवढाच आधार होता. आपण दमलो असू, निबर झालो असू, पण आईची हाक आली असती तर उठलो असतो, एवढं तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं.

आईला तिच्याच हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डात ठेवलं. आणि सुट्टीही मिळाली. दमलेल्या बाईला नव्हती, पण आईचं हाड मोडलेल्या बाईला होती. ती घरच्या कपड्यांत, पेशंटची नातेवाईक म्हणून खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. इतकी वर्षं याच स्टुलावरच्या लोकांना ती ‘जरा बाजूला सरका’ म्हणत आली होती.

ऑपरेशन झाल्यावर दोन दिवसांनी आईने बेडपॅन मागितला. टेबलाशी एक नवी पोरगी होती, मास्कचा वळ गालावर उमटलेला. मान वर न करता ती म्हणाली, “आलेच हं, आजी.”

वेळ गेला. पोरगी जागची हलली नाही. तुरुतुरु उठायला लागली, तर आईने तिचं मनगट धरलं.

“बस गं. दमली असेल बिचारी. त्या दिवशी तूही अशीच म्हणालीस.”

“कधी?”

आईने जीभ चावली. मग म्हणाली, “पेला वाजवला होता मी. तू झोपेतच म्हणालीस, आलेच हं. मला वाटलं, येशील. खूप वाट बघितली बघ. मग अंथरूण ओलं होईल म्हणून उठले.”

तुरुतुरु मनगट सोडवून उठली. पॅन कुठे असतात ते तिला माहीत होतं. जाऊन घेऊन आली, तोवर चादर ओली झाली होती. आई छताकडे बघत होती, मुलीकडे नाही. तिने आईला कुशीवर वळवलं आणि ओली चादर ओढायला घेतली.

पलीकडच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने हाक मारली, “सिस्टर, जरा पाणी.”

“आलेच हं,” तुरुतुरु म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. आईने मात्र ऐकलं. म्हाताऱ्याने बरं म्हटलं, डोकं उशीवर टेकलं आणि तो वाट बघत पडून राहिला.