मागून आलेला होकार

परवा माळ्यावर एका भजनीबुवांनी तुरुंगात केलेल्या कार्यक्रमाची कॅसेट सापडली. ऐंशीच्या दशकात, घाटकोपरच्या चाळीत शेजारच्या काकी ती आमच्या टेपवर ऐकायला घेऊन आल्या. बाबा बोटीवर गेलेत, असं आईने चाळभर सांगितलेलं. ते होते त्याच तुरुंगात. आईला नाही म्हणता येईना. स्टोव्ह घरघरत होता. बुवांनी मालवणीत देवाला गाऱ्हाणं घातलं, कैदी गरजले, "व्हय म्हाराजा!" सगळे थांबले तरी एक आवाज मागून लांबतच राहिला. दर गणपतीत चाळीने ऐकलेला, बाबांचा. आईने खटकन टेप बंद केला. काकी आईकडे बघत राहिल्या. "परत लाव गो," त्या हळूच म्हणाल्या, "तब्येतीन बरो वाटता तो." आता आमच्या गाऱ्हाण्यात शेवटचा होकार मी लांबवते.