निरुताची नाचणी

निरुता बस्नेत ही माझी कीर्तिपूरच्या विद्यापीठातली वर्गमैत्रीण. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने घराच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या छपराखाली, नाचणीच्या साठ कुंड्या मांडल्या होत्या. बी तिच्या आमाने, म्हणजे आईने, माहेरहून आणलेलं. कुठलं वाण पाण्यावाचून तीन आठवडे तग धरतं, एवढंच पाहायचं होतं. आमाच्या दुखण्यात मुदत एकदा वाढवून झाली होती. हा हंगाम हुकला की नाव कमी.

पाणी तोडलं आणि पाचव्या दिवशी आमा गेली.

भाऊ नाही, म्हणून क्रियेला निरुताच बसली. शेजारणींनी नाकं मुरडली, मुरडू देत. तेरा दिवस पांढऱ्या वस्त्रात, एका कोपऱ्यात, कुणाला शिवायचं नाही. कुंड्यांचं तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिथे करायचं काहीच नव्हतं, मग सांगणार काय?

चौदाव्या दिवशी आम्ही दोघी वर गेलो. साठच्या साठ कुंड्या हिरव्यागार, माती ओली. गावाहून आलेले तिचे बा लोटा घेऊन उभे. बायको गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ते एकदम बोलायला लागले. लेकीला ते लाडाने नानी म्हणत.

“किती सुकली होती गं, नानी! तुझ्या आमाचं बी. म्हटलं, तिला वाचवता आलं नाही, ही तरी वाचू देत.”

“अहो बा, पाटी नाही दिसली? पाणी घालू नये म्हणून?” मी उसळले. माझं तोंड असंच.

“दिसली की! कुण्या मेल्याने लावली कोण जाणे. तहानलेल्याला पाणी देऊ नका म्हणे!”

पाटी निरुताच्या अक्षरात होती. तिने माझा हात करकचून दाबला.

“बरं केलंत, बा,” ती म्हणाली.

जिन्यात मी म्हटलं, “आकडे टाक अंदाजाने. कोण बघायला येतंय?”

“आमाच्या बियाण्यावर खोटं लिहू?”

प्रबंधाच्या सरांनी विचारलं तेव्हा मात्र ती खोटं बोलली. “पाणी मीच घातलं, सर. भान राहिलं नाही.” नाव कमी झालं. एवढी हुशार पोरगी, आता चोभारच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. मला अजून तिचा राग येतो, आणि रडूही.

परवा बाजारात बा भेटले.

“नानीचा निकाल कधी लागायचा गं? विचारलं की वेळ लागतो म्हणते. मी वर गेलो नसतो ना, तर पोरीची सगळी मेहनत वाया गेली असती.”

तोंडाळ म्हणून मला सगळं कीर्तिपूर ओळखतं.

“हो, बा,” मी म्हटलं. “तुमच्यामुळे वाचली.”