शेजारच्या खाटेवरचा गोरा

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या सरकारी हॉस्पिटलात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्या म्हाताऱ्याचंही तेच. पण नर्स त्याला अफूच्या जातीची कोडीनची गोळी द्यायची आणि मला साधी पॅरासिटामॉल. गोळी घेऊन तो डोळे मिटून मिशी कुरवाळायचा, मी कण्हत पडायचो. कातडी बघून औषध देतात, अशी माझी खात्रीच झाली.

"दुखतंय का विचारलं की तू काय सांगतोस रे?" त्याने विचारलं.

"फाइन, थँक्यू." फुकट उपचार करणाऱ्यांकडे तक्रार कशी करायची?

"गाढवा, मी शिव्या घालतो!"

नर्स आली. मी पुन्हा "फाइन" म्हणालो.

"खोटं बोलतोय तो, सिस्टर!" म्हातारा ओरडला.

मला कोडीन मिळालं. दुखणं ओसरलं, तरी मी त्याच्याकडेच बघत होतो. माझ्यासाठी ओरडून ह्याला काय मिळणार होतं?