ताण मोडणारा मांत्रिक

माझा आतेभाऊ मनोज शेंदूरजनाघाटला संत्र्याची कलमं बांधतो आणि दर रविवारी राज्यं उभी करतो. राज्यं अर्थात बोलण्यातली. त्याच्या रोपवाटिकेतल्या शेडमध्ये आम्ही चौघं बसतो. मनोज एका काल्पनिक मुलखाची गोष्ट सांगतो, आम्ही तिघं एकेक पात्र होऊन तिच्यात शिरतो, आणि आमची तलवार लागली की हुकली ते फासे ठरवतात. एरवी चार शब्द न बोलणारा मनोज तिथं असा खुलतो की बघत राहावं.

पण त्याचा मुलूख होता महाकंटाळवाणा. बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले. ज्यानं बर्फ फक्त रसवंतीत पाहिला, त्यानं बर्फाचं वादळ काय डोंबल सांगायचं! परतवाड्याच्या जीपवर ड्रायव्हर असणारा श्याम तर चक्क पेंगायचा. शेवटी आमच्यातल्या चौथीनं, रागिणीनं, तोंडावर सांगितलं, "मनोजभाऊ, हा महिना पाह्यतो, मंग माह्यं येनं बंद. घरी कपडे पडून राह्यतात धुवाचे."

ती गेली की श्याम जाणार. मग मी आणि मनोजनं काय एकमेकांचे राजे मारत बसायचं? मनोज हसला खरा, पण चहा तसाच ठेवून उठला. मला फार वाईट वाटलं.

मग त्याला फोनवर एक आव्हान सापडलं. महिनाभर रोज एक प्रश्न, आणि उत्तरादाखल आपल्या मुलखाबद्दल थोडं लिहायचं. पठ्ठ्या इमानदारीनं लिहू लागला. 'तुमच्या राज्यातले लोक कशाला भितात?' इथं मात्र गाडी अडली. त्यानं उडता राक्षस लिहिला आणि खोडला.

"तू कायले भेतं, ते लिही ना," मी वैतागून म्हटलं.

तो बागेकडे बघत बसला. हिवाळा होता, बागेला ताण दिलेला होता. आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात, पानं मलूल होईपर्यंत. नंतर पाणी दिलं की झाड फुलांनी लदतं. मध्येच पाणी बसलं तर नुसती पालवी फुटते आणि हंगाम बोंबलतो. त्या दिवसांत आभाळ भरून आलं तरी आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. मनोजची आई, म्हणजे माझी माणिकआत्या, शेडमध्येच कलमांना बांधायच्या पट्ट्या कापत होती. "फासे खेवून पांडवाचं भलं झालं नाई, तुमचं काय होते?" हे तिचं ठरलेलं वाक्य बोलून झालं होतं.

मनोजनं सुरुवात केली. बर्फ गायब! काळ्या मातीचं राज्य, बागाच बागा, आणि राणीनं नदी बांधून ठेवलेली. डोंगरावरून एक गोडबोल्या मांत्रिक उतरला. "बिचारी झाडं तहानली," असं कळवळून म्हणत तो बांध फोडायला निघाला.

दुसऱ्या कुठल्या गावात त्याला हार घातला असता. आमच्याकडे श्याम ताडकन उठून बसला.

"अबे, ताण मोडते हा!"

"पकडा त्याले!" रागिणी ओरडली. "पुरा बहार जाईन!"

तिनं बाण सोडला. फासा उलटा पडला. श्याम हुकला, मीही हुकले. बांधाचा पहिला दगड निखळला.

आत्याची कात्री थांबली. "कोन मेला पाणी सोडून राह्यला?"

"गोष्टीत हाय, माय," मनोज म्हणाला.

"मंग गोष्टीत मी काहून नाई? आन इकडे."

तिनं फासा कपाळाला लावला आणि फेकला. तीही हुकली! दुसरा दगड निखळला आणि पाणी बागेकडे धावलं.

"आज इथंच थांबू," मनोज म्हणाला. "बाकीचं पुढच्या रविवारी."

"रविवारी?" रागिणी कडाडली. "तवरिक बाग राह्यते का? उद्या बसू. अन् माह्या धनुष्याचं फावडं करून दे."

मनोज इतका लाजला की फासे गोळा करताना त्याच्या हातून दोनदा सांडले. आत्याचं मात्र कोणाकडेच लक्ष नव्हतं. हातातल्या पट्ट्या तशाच टाकून ती लगबगीनं बागेत गेली होती, विहिरीवरची मोटर बंद आहे ना ते बघायला.