शुक्रवारचं पत्रक

दर शुक्रवारी मधली सुट्टी संपली की मोठ्या बाई आपल्या खोलीचं दार लोटून घेत आणि पत्रक लिहायला बसत. मुख्याध्यापिका झाल्यापासूनचा हा नेम. वर पुढच्या आठवड्याच्या सूचना: दाताचे डॉक्टर कधी येणार, कुठल्या वर्गाचा नळ गळतोय, पालकसभा किती वाजता. आणि खाली, चौकट आखून, कुणातरी एका शिक्षकाचं कौतुक. चार-पाच ओळींचं, नावानिशी.

स्टाफरूममध्ये त्या चौकटीची थट्टा चाले, पण दबक्या आवाजात. चित्रकलेच्या बाई म्हणत, "या वेळी माझ्या फळ्यावरच्या अक्षराचं झालं. मागच्या खेपेला वेळेवर येण्याचं झालं होतं. आता उरलंय काय, माझी छत्री?" सगळे हसत. पण पत्रक फलकावर लागलं की त्याच बाई सर्वांत आधी चष्मा पुसत.

मोठ्या बाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्या चौकट जपून वापरत. ज्याचा पाय घसरतोय त्याला हात द्यायचा, इतका साधा हिशेब. चौथीच्या सरांची बायको गेली तेव्हा ते महिनाभर वर्गात खिडकीकडे तोंड करून बसायचे. मुलं आपापसांत मारामाऱ्या करायची. मोठ्या बाईंनी लिहिलं, "चौथीच्या वर्गात सध्या गणिताची गोडी दिसते आहे." गोडीबिडी काही नव्हती. पण सोमवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी खरंच गणित घेतलं. मग बाईंनी पुन्हा लिहिलं. सर पुन्हा ढेपाळले की पुन्हा.

पहिलीच्या बाईंबद्दल मात्र लिहायचं राहूनच जाई. त्यांच्या वर्गावरून जाताना मोठ्या बाईंची पावलं आपोआप मंदावत. आत चाळीस मुलं, आणि आवाज नुकतं उकळू लागलेल्या पाण्यासारखा मंद. रडणारं मूल तिथे आठवड्याभरात वाचू लागे. यांना काय सांगायचं, असं मनात येई, आणि चौकट दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाई.

त्या वर्षी पटसंख्या घटली आणि संस्थेचं पत्र आलं. एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, त्याला वर्षअखेरीस घरी बसावं लागणार. निवड कशी करायची यावर संस्थेच्या सभेत बरीच चर्चा झाली म्हणे, आणि कुणालातरी पत्रकांची आठवण झाली. कारकुनाने तीन वर्षांची पत्रकं काढली, मोजली आणि यादी करून पाठवली. चौथीचे सर, एकोणीस वेळा. पहिलीच्या बाई, दोन वेळा. तळाशी त्याच होत्या.

मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे सचिवांना फोन लावला.

"अहो, ते कौतुक होतं. मूल्यमापन नव्हे."

"बाई, आम्ही मनचं काही करतोय का? तुमच्याच हातचं आहे. खाली सही आहे."

"ज्यांना गरज होती त्यांच्याबद्दल मी लिहिलं. जी चांगली आहे तिला गरजच नव्हती."

"म्हणजे बाकीचं खोटं?"

मोठ्या बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मधलं काहीतरी होतं, आणि त्या मधल्या गोष्टीला फोनवर सांगता येईल असा शब्द नव्हता.

"तसं असेल तर लेखी द्या," सचिव म्हणाले. त्यांचा आवाज तसा वाईट नव्हता. "पण मोघम चालायचं नाही. कुणाचं कौतुक वाजवीपेक्षा जास्त झालं, ते नाव घालून. मग यादी उलटी फिरेल, आणि ज्याचं नाव असेल तो घरी बसेल. शुक्रवारपर्यंत मात्र हवं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या भाजी निवडत बसल्या, ती निवडून संपली तरी बोटं चालूच. नवऱ्याने ताट हलकेच ओढून घेतलं.

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. तो पेन्शनीत निघालेला टपालखात्यातला माणूस, दुसऱ्याची पत्रं पोचवण्यात हयात गेलेली. तो म्हणाला, "बत्तीस वर्षं झाली, माझ्याबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नाहीस."

"तुम्हाला कशाला हव्यात?" त्या पटकन बोलून गेल्या.

तो हसला, पण ताट घेऊन उठून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या पहिलीच्या वर्गात गेल्या. बाई बाकांखाली वाकून कुणाचे तरी राहिलेले मोजे शोधत होत्या. मोठ्या बाई छोट्याशा बाकावर कशाबशा बसल्या, गुडघे हनुवटीला टेकतील अशा, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पहिलीच्या बाईंनी सापडलेला एक मोजा झटकला. "मला वाटायचं, माझं काहीतरी चुकतंय. पहिल्या वर्षी तर मी दर शुक्रवारी घरी जाऊन विचार करायची, काय चुकलं असेल. मग सवय झाली."

"चुकत नव्हतं गं काही. उलट..."

"आता सांगू नका, मोठ्या बाई. आता ऐकवत नाही."

बाहेर शिपाई खिडक्या लावत येत होता. एकेक खटका जवळ येत होता.

"मी लेखी देते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण सरांचं नाव घालावं लागेल. ते सगळी पत्रकं हजेरीपटात प्लास्टिकच्या कागदात घालून ठेवतात, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. मला दाखवली आहेत त्यांनी."

मोठ्या बाईंना वाटलं, आता ही म्हणेल, राहू द्या, मी जाते. त्या अगदी त्याच शब्दांची वाट पाहत होत्या, आणि आपण वाट पाहतोय हे ध्यानात येऊन त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मी राहू द्या म्हणणार नाही," पहिलीच्या बाई म्हणाल्या. "घरी सासरे अंथरुणाला खिळलेत, मुलीची फी आहे. तेवढा मोठेपणा मला झेपायचा नाही. सर वाईट नाहीत. पण मीही नाही. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवार उजाडला. खोलीचं दार लोटलेलं. टेबलावर दोन कागद: एक पत्रक, त्यात सूचना लिहून झालेल्या आणि चौकट रिकामी. दुसरं सचिवांना द्यायचं निवेदन, त्यात सगळं लिहून झालेलं, फक्त नावाची जागा मोकळी. त्या एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिल्या. आज खिडकी उघडी असून हवा आत यायला तयार नव्हती.

दारावर टकटक झाली. चौथीचे सर. हात उंच पोचतो म्हणून पत्रक फलकावर लावायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं.

"झालं का, बाई? टाचण्या आणल्यात मी."

"बसा, सर."

"बसतो कशाला, घंटा होईल आता."

"दार लावा आणि बसा."

ते बसले. टाचण्यांची डबी मांडीवर धरून. मोठ्या बाईंनी कारकुनाची यादी त्यांच्यासमोर सरकवली, मग निवेदन. सरांनी दोन्ही वाचलं. मोकळ्या जागेपाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"एकोणीस," ते म्हणाले.

"हो."

"त्यातली खरी किती?"

असल्या प्रश्नाला उत्तर न देता उत्तर दिल्यासारखं करणं मोठ्या बाईंना जन्मभर जमलं होतं. पालकांना, तपासणीसांना, संस्थेला. आज जमेना.

"चार," त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली, जणू एखाद्या मुलाचं गणित तपासत होते. "कोणती?"

"सहलीला तुम्ही हरवलेल्या पोरीला शोधून आणलंत ते. भागाकार चिंचोक्यांवर शिकवलात ते. पावसात भिजलेली मुलं घरी पोचवलीत ते. आणि..." त्यांनी यादी बाजूला सारली. "बायको गेल्यावर सातव्या दिवशी शाळेत आलात, ते. ते मी लिहिलं तेव्हा खोटं वाटलं होतं मला. आता वाटत नाही."

घंटा झाली. दोघंही उठले नाहीत. वरच्या मजल्यावर चौथीचा गोंगाट सुरू झाला, बाकं ओढल्याचे आवाज, कुणीतरी किंचाळलं.

मोठ्या बाईंनी पेन उचललं आणि सरांच्या देखत, त्यांना अक्षर दिसेल अशा बेताने, मोकळ्या जागेत त्यांचं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षरावर शाई जरा फुटली.

सरांनी ते पाहिलं. टाचण्यांची डबी टेबलाच्या कडेला ठेवली, खुर्ची नीट आत सरकवली आणि ते जिना चढून गेले. थोड्या वेळाने वरचा गोंगाट थांबला.