जोतिरामानं सांधलेली वायर

वडगावात जोतिरामासारखा गाठ मारणारा विणकर शोधून सापडायचा नाही. मागावर दोरा तुटला की बाकीचे चष्मा शोधत बसायचे, तोवर ह्याची गाठ पडून माग खडखडायला लागलेला असायचा. एकदा शेजारच्या दोघांनी पैज लावून त्याचे डोळे बांधले, तर गड्यानं बांधल्या डोळ्यांनी वीस दोरे सांधून दाखवले. वर म्हणाला, आता तुमची तोंडं सांधू काय?

असा हा माणूस एका वायरीपुढं मात्र हरला.

झालं असं, की त्याची बायको इंदुताई, हिला दोन वर्षांपासून विसर पडायला लागला. आधी आमटीतलं मीठ विसरली, मग गल्ली विसरली, आणि उन्हाळ्यात एकदा दार उघडून निघाली ती सांबऱ्याच्या रस्त्याला सापडली. तेव्हा निपाणीला दिलेली लेक सुवर्णा येऊन बसली. आईला मी नेते, म्हणाली. जोतिराम कुठला ऐकतोय! शेवटी ठरलं की दारावर कॅमेरा बसवायचा आणि मागच्या शेडात विणता विणता जोतिरामानं मोबाईलवर दार बघायचं. तेवढं जमतंय तोवर आई इथं, नाहीतर निपाणीला.

कॅमेरेवाल्या मंथननं शेडात एक पेटी ठेवली, तिला तो स्विच म्हणायचा. तिच्यातून एकच निळी वायर कौलांखालून दारापर्यंत नेली. कॅमेऱ्याला लाईटची वायर कुठाय, असं जोतिरामानं विचारलं, तर म्हणाला, ह्याच वायरीतून चित्र इकडं येतं आणि लाईट तिकडं जाते. जोतिरामाला ह्याचं भारी कौतुक. महिनाभर आल्यागेल्याला तो ती वायर दाखवायचा, नव्या सुनेचा दागिना दाखवावा तशी.

मग एका सकाळी मोबाईलमधलं दार काळं पडलं. पेटीवरचा हिरवा दिवा गेलेला. शिडी लावून बघतो, तर उंदरानं वायर कुरतडून दोन तुकडे केलेले. आत आठ बारीक तारा, रंगीबेरंगी, काही पट्ट्यापट्ट्यांच्या. जोतिरामाला हसूच आलं. साडीच्या काठाचे शेकडो दोरे सांभाळणारा माणूस तो, आठांचं काय घेऊन बसलात! रंगाला रंग, पट्ट्याला पट्टा लावून त्यानं आठ गाठी मारल्या.

दिवा लागला नाही.

पुन्हा मारल्या, आणखी घट्ट. तरी नाही. मग मंथनला फोन लावला. मंथन कडोलीत कामावर होता. गाठी म्हटल्यावर आधी हसला.

"अण्णा, वरचं प्लॅस्टिक न काढताच बांधलासा व्हय? तांबं तांब्याला टेकाय नको? ती पेटी आधी वायरीतनं विचारून बघते, पलीकडं कॅमेरा हाय काय म्हणून. उत्तर आलं तरच लाईट सोडते. तुमच्या गाठीतनं तिची हाकच जात न्हाय. आता हात लावू नका, उद्या येतो."

"आज जमत न्हाय?"

"उद्या, अण्णा."

मागावरची साडी उद्या उतरवायची होती. इंदुताईपाशी बसायला बोलवावं, तर शेजारची मालुबाई परगावी गेलेली. सुवर्णाला सांगावं, तर ती गाडी करून येणार आणि आईला नेणार. जोतिरामानं डोकं लढवलं. सुताचा एक दोरा दाराच्या कडीला बांधला, स्वयंपाकघरातून ओढत शेडात आणला, आणि खिळ्यावरून घेऊन टोकाला लाल चिंधी लोंबती ठेवली. दार उघडलं की चिंधी वर उडणार. स्वतःवरच खूश होऊन गडी कामाला लागला.

चारच्या सुमाराला मागावर दोरे तुटले म्हणून तो खाली वाकला. वर बघतो, तर चिंधी जमिनीवर. धावायला म्हणून वळला, तर इंदुताई शेडाच्या दारात उभी. हातात सूत गुंडाळायची कांडी. कडीचा दोरा सोडून तो कांडीवर गुंडाळत गुंडाळत ती इथवर आली होती. कुठं ढिला नाही, कुठं फुगवटा नाही. लग्नाआधी शहापुरात एका मागवाल्या सावकाराच्या शेडात ती कांड्या भरायला जायची. बोटं तेवढं विसरली नव्हती.

जोतिरामानं माग बंद केला. तिनं कांडी त्याच्यापुढं धरली आणि अंग चोरून उभी राहिली.

"सावकार, कांडी भरली. आता घरला जाऊ काय? आई वाट बघत असंल."

जा म्हणावं तर कुठं, आणि थांब म्हणावं तर कोण म्हणून? त्यानं कांडी घेतली. चांगली भरलीस, म्हणाला. ती खुलली आणि घरातून पुढच्या दाराकडं निघाली. त्यानं हात धरला, तर परक्या माणसानं धरल्यासारखी दचकली. त्यानं हात सोडला. तिच्या पुढं जाऊन दार लावलं, दाराला पाठ टेकून खाली बसला आणि निपाणीला फोन लावला.

"काय झालं, आप्पा?" सुवर्णानं विचारलं.

"तू ये गं. आईला घेऊन जा."

पलीकडनं लेक काहीबाही विचारत राहिली. इंदुताई पुढ्यात उभी राहून, हे सावकार दारातनं कधी बाजूला होतात, ह्याची वाट बघत होती.