मोकळी झालेली बोटं

माझी मुलगी दात घडवते. डेंटिस्ट तोंडाचे साचे पाठवतात, त्यांवर ती बारीक सुरीने मेणाचा दात कोरते आणि मग त्याचा पक्का दात होतो. शाळेत खडू कोरत बसायची आणि वर्गाबाहेर उभी राहायची. तीच खोड पुढे पोटापाण्याला कामी आली. "सासूबाईंची कवळी मीच केली, आणि आता त्या मलाच चावतात," असं हसत सांगते.

गेल्या वर्षी तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. शरीरात एक एन्झाइम असतं. ते पुरुषी हार्मोनपासून बाईचं हार्मोन बनवतं. तिची गाठ त्याच हार्मोनवर पोसली होती, आणि त्याच्याशिवाय मूलही राहत नाही. म्हणून दर महिन्याचं इंजेक्शन अंडाशयांना निजवायचं आणि रोजची गोळी ते एन्झाइम अडवायची. निदान दोन वर्षं हे चालू द्या, मग मुलाचं बघू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

गोळीने तिचे सांधे धरले. सकाळी गरम पाण्यात बोटं बुडवल्याशिवाय सुरी धरवत नसे.

परवा डबा द्यायला तिच्या कामावर गेले, तर ती सपासप मेण कोरत होती. मालक खुशीत म्हणाले, "बघा मावशी, पोरीचा हात परत सुटला!"

तिला जिन्यात नेलं.

"गोळी बंद केलीस?"

"हळू बोल."

"आणि इंजेक्शन?"

"तेही. आई, पाळी आली गं!" केवढी खुलली होती ती.

"जावयांना माहीत आहे?"

"तो तुझ्याहून भित्रा."

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "इतक्यात थांबवण्यात धोका आहे. पण शरीर तुमचं. काय ठरवलंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "आजच इंजेक्शन द्या."

ती उठून पडद्याआड गेली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझी मुलगी राहिली तुला. झालं?" आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

आज तिला फोन केला, तो जावयांनी उचलला. "झोपलीय ती, आई," म्हणाले. मागे तिचं खोकणं ऐकू येत होतं.